फक्कीच्या दोन रेघा

रात्री अडीचला मोबाईलवर चार गुणिले शंभरची फायनल.
आवाज बंद, शेजारी धाकटी झोपलेली.
पहिली सुटली, दुसरीला दिलं, तिसरी वळणावर झुकली,
आणि शेवटच्या बदलीत त्या लांब पायांच्या मुलींची
नळी पडली.
निळ्या, महागड्या ट्रॅकवर
उड्या मारत गेली बाजूच्या लेनमध्ये.

आमची नळी उद्यमबागेत कापलेली.
शिरीनच्या अब्बांनी, लेथवर, जेवणाच्या सुट्टीत.
एका बाजूची कड घासायची राहिली,
माझ्या उजव्या तळव्यावर अजून तिची कोर आहे.

खानापूरच्या मैदानाला तांबडी माती.
बाळेकुंद्री सर मुठीतून फक्की सोडत दोन रेघा मारायचे.
ह्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत वीस मीटर,
ह्याच्या आत द्यायचं, ह्याच्या आत घ्यायचं,
अलीकडं चालत नाही, पलीकडं चालत नाही.
आता तीस केलेत म्हणे.

फिलू सोज पहिली, कारण ती बंदुकीला दचकत नव्हती.
(तिचा भाऊ गोवावेसच्या तलावात रिले पोहायचा.
पाण्यात काहीच द्यायचं नसतं, म्हणायचा,
भिंतीला बोट लागलं की वरच्यानं उडी मारायची.
आम्हाला ते फसवल्यासारखं वाटायचं.)
शिरीन दुसरी. मी तिसरी, वळणाची;
ठेंगणी माणसं वळणावर बरी, सर म्हणायचे.
शेवटची रेणव्वा तळवार.
मागं न बघता हात मागं टाकायला
तिला कुणी शिकवलंच नाही.
तिची आई कौलांच्या कारखान्यात, रांगेत.
भट्टीपासून ट्रकपर्यंत नऊ बायका,
कौल ह्या हातातून त्या हातात,
डोळे कुठंही, तोंडात पान, गप्पा चालूच.
रविवारी रेणव्वा दहावी.

भांडण शब्दावरून झालं.
देणारीनं ओरडायचं. पण काय?
मी म्हटलं, घे.
रेणव्वा म्हणाली, तगो.
फिलू म्हणाली, आमच्यातपण घेच.
शिरीन म्हणाली, ले.
सर म्हणाले, एका अक्षराचं पाहिजे,
दुसऱ्या अक्षरात एक पाऊल जातं.
तगो पडला.
रेणव्वा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही,
हात तेवढा वेळेवर यायचा.

धारवाडला, विभागीय.
वळण संपलं, समोर तिची पाठ,
घामानं चिकटलेला नंबर, तीनशे बारा.
सगळं स्टँड ओडु, ओडु.
मी म्हटलं, घे. हात आला नाही.
घे! नाही आला.
मग ठरवलं नव्हतं ते तोंडातून गेलं,
तगो.
आला. बोटं पसरलेली, अंगठा खाली,
कौल घेतात तसा.

रेणव्वा दोघींना मागं टाकून पहिली आली.
आमच्या बदलीपाशी पिवळं निशाण वर होतं.
वीतभर.
दुसऱ्या रेघेच्या वीतभर पलीकडं दिलं होतं आम्ही.
पंच बोटानं दाखवत होते: रेघ इथं, तुमची नळी इथं.
सर गुडघ्यावर बसून बघत राहिले.
एवढ्या पायांनी फक्की पुसून गेली होती,
तरी रेघ तिथंच होती म्हणे.

रेणव्वा आता बैलहोंगलला, सासरी.
अडीच वाजता मी विचारलं, बघितलीस?
दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.
ती मराठी लिहिते कन्नड अक्षरांत,
मला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं.

पडद्यावर ती तिसरी मुलगी परत जाऊन
दुसऱ्यांच्या लेनमधून नळी उचलत होती,
आता काही उपयोग नसताना.

रेणव्वानं लिहिलं होतं:
देताना काय ओरडली गे ती?

माझा आवाज बंद होता.